फोटोंचा दोष नव्हता

आमच्या घरात आजही समजूत आहे की सुनेच्या फोटोंनी लॅपटॉप भरला होता, म्हणून तो अडकत होता. ही समजूत मी पसरवली. ती खोटी आहे.

लॅपटॉप मुलाचा जुना. सून त्यावर मुलांना गणित शिकवायची. माझ्या हाती तो दुपारी यायचा. मी पलंगावर गोधडीवर ठेवून कीर्तनं ऐकायचो. आमच्याकडं मिक्सरपासून टीव्हीपर्यंत प्रत्येक यंत्राला खोळ असते. मी शिंप्याकडून त्यालाही शिवून घेतली, वहीच्या कव्हरासारखी, खालून कापूस भरलेली. झाकण उघडलं तरी खोळ तशीच राहायची.

उन्हाळ्यात तो फारच रखडू लागला. कीर्तनकारांचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज बंद. एकदा व्याही आलेले असताना मी सुनेला म्हणालो, "माहेरचा सगळा गोतावळा भरून ठेवलाय ह्यात. यंत्र चालंल कसं?"

"बाबा, आईचे आहेत. फोन फुटला, दुसरीकडं कुठं नाहीत."

"मग लॅपटॉपची पूजा करा. आम्ही भिंतीकडं बघत बसतो."

तिची आई वर्षापूर्वी पाचोडला वारली होती. व्याही मान खाली घालून बसले. संध्याकाळी सुनेनं सगळं पुसलं आणि मला येऊन सांगितलं, "काढलं, बाबा." त्यात विहीणबाईंचे व्हिडिओ होते. एकात त्या भाकरी थापता थापता हिच्यावरच करवादत होत्या, एवढं मी पाहिलेलं होतं.

लॅपटॉप तरीही अडकत राहिला. दुसऱ्या दिवशी मी तो औरंगपुऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याकडं नेला. पन्नाशीचा, पान खाणारा माणूस. त्यानं मागचं झाकण काढलं आणि पंख्यातून चिमट्यानं कापसाची गादीच ओढून काढली.

"काका, उन्हाळ्यात ह्याला स्वेटर कोण घालतं?"

मी हसलो नाही. विचारलं, फोटोंमुळं नव्हतं का?

"फोटोनं काय होतंय? डिस्क तर आर्ध्याच्या वर रिकामी पडलीय, तरी अडकतोयच की. गरम झाला की तो आपोआप हळू चालतो, नाय तर जळंल."

मग मी आवाज खाली आणून विचारलं, पुसलेलं परत येतं का.

"बहुतेक येतं. पण आजच ठेवून जा. वापरत राहिलात तर त्याच जागेवर दुसरं लिहिलं जातं. मग नाय सांगता येत."

मी म्हणालो, तशी काही गरज नाही.

ठेवून आलो असतो तर घरी कारण सांगावं लागलं असतं. ज्या व्याह्यांसमोर बोललो, त्यांच्यासमोर परत घ्यावं लागलं असतं. चाळीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शेरे मारलेल्या माणसाला ते जमलं नाही. घरी येऊन सांगितलं, "डिस्क भरली होती. आता बरा चालतोय." खोळ मी वाटेतच टाकली होती. सून म्हणाली, "बरं झालं मग, काढलं ते." आणि पुढचे कितीतरी महिने त्यावर तिनं शिकवलं, मी कीर्तनं ऐकली.

गेल्या दिवाळीत नातीनं तिला विचारलं, आजी कशी बोलायची? सुनेनं विहीणबाईंची नक्कल केली. थांबली. पुन्हा करून पाहिली. "नाही गं, असा नव्हता आवाज. मला आता नीट आठवत नाही."

मी तिथंच खुर्चीत होतो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी चहा मागितला.