उपटलेली निर्गुडी

वरसाव्यात आमच्या बिल्डिंगमागून डोंगरातला ओढा वाहतो. सोसायटीत सगळे त्याला नालाच म्हणतात. तळमजल्यावरच्या वहिनी त्याच्या काठावर झाडं लावायला लागल्या तेव्हा मी सेक्रेटरी होतो, आणि ही बाई मला पहिल्यापासून खुपायची. मीटिंगमध्ये चारचौघांत माझ्या चुका काढायची.

तिने निर्गुडीच्या फांद्या खोचल्या, वाळा लावला, करंजाची रोपं आणली. दोन-तीन वर्षांत काठ भरून आला. मग पार्किंगमध्ये साप निघाला. एकच, तोही धामण. मला तेवढं निमित्त पुरलं.

"वहिनी, हे जंगल साफ करून घेतोय," मी सांगितलं.

"पाऊस कसा बदललाय, दिसत नाही तुम्हाला? पंधरा-पंधरा दिवस पत्ता नसतो, आणि आला की दोन तासांत सगळा कोसळतो. तो काठ मुळांनी धरून ठेवलाय."

"तुमची अक्कल घरात चालवा."

जेसीबी आला त्या सकाळी ती आडवी उभी राहिली. ड्रायव्हर थांबला. मी ओरडलो, "तू चालू रख!" शेवटी तिच्या नवऱ्यानेच तिला हाताला धरून बाजूला नेलं. तासाभरात काठ बोडका झाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका दुपारी ओढा फुगला. काठ ढासळला, कंपाउंडची भिंत त्यात गेली आणि पाणी थेट तिच्या घरात शिरलं. मी राहतो दुसऱ्या मजल्यावर. तिचा गॅस सिलिंडर दारातून तरंगत बाहेर आला, तो मी जिन्यात उभा राहून पाहिला.

चिखल काढायला खाली गेलो, तर तिने माझ्या हातातला खराटा हिसकावला. "तुम्ही वर जा."

आठवड्याने मी नर्सरीतून करंजाची रोपं आणली. "ठेवा तिथे," ती म्हणाली, "लावायचं आम्ही बघू." ती आणि आणखी चार बायका वाकून खड्डे खणत होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी उठून माफी मागितली. वहिनी म्हणाल्या, "माफी नको. पुन्हा काठाला हात लावणार नाही, एवढं रजिस्टरमध्ये लिहा आणि खाली सही करा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी लिहिलं. सही केली, पण दात-ओठ खात.