पाणी मानवलेली बाई

आमच्या घरात पंख्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरूनही झाली नाहीत, आणि आमच्या वळ गावात जमिनीवरून न भांडलेलं एक घर दाखवा मला! वैशाखात गोदामांचे पत्रे तापले की गावाची भट्टी व्हायची. आम्ही घामाने निथळत असायचो आणि माझ्या सासूबाई, हिराबाई, अंगावर शाल घेऊन खोलीत येऊन टक्कन पंखा बंद करायच्या. "मना थंडी वाजते गो." मी चिडून पुन्हा लावायची, त्या पुन्हा बंद करायच्या. नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना, जाड माणसाला होतं असं." जाड माणसाला थंडी? मला तेव्हाही पटलं नव्हतं, पण नव्या सुनेने किती वाद घालायचा?

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. त्या अंगाने ऐसपैस होत्या. चेहरा गोल, जरा सुजल्यासारखा. कातडी खरखरीत, कितीही खोबरेल चोळा, पांढरटच. आवाज घोगरा. डोक्यावर अंबाड्यापुरते केस जेमतेम उरले होते, पण गजऱ्याची हौस दांडगी. "अंबारा सुपारीएवरा नि गजरा टोपलीएवरा," असं म्हणून स्वतःच खो खो हसायच्या. स्वतःवर हसणारी बाई मला आवडते, त्यामुळे पंख्याचं वैर असूनही आमचं जमलं.

लग्न होऊन आल्या तेव्हा त्या म्हणे काडीसारख्या होत्या. धाकट्या मुलानंतर अंग भरत गेलं आणि गाव खूश झालं. सासरे चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगायचे, "वळचं पानी मानवलं आमच्या हिराला!" आमच्याकडे सून भरली की कौतुक घराचं होतं, आणि वाळली तर बोलही घरालाच लागतो. पुढे शेतांवर गोदामं उभी राहिली, भाडी सुरू झाली, तेव्हा तर बोलायलाच नको. सुख आलं, अंगावर दिसतंय! आईही तेच म्हणायच्या, "सुखाचं शरीर हाय गो. सुख कवा लपतं का?" आणि विळीवर भाजी चिरता चिरता बसल्या जागी पेंगायच्या. त्याला लोक आळस म्हणत.

बाळंतपणानंतर माझे केस मुठीमुठीने गळायला लागले, म्हणून मी निजामपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे निघाले. आई सोबत आल्या. बाजूच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात डॉक्टरीणबाई मोठ्याने मला एकेक विचारत होत्या, तेवढ्यात आई म्हणाल्या, "बाय, जरा पंखा बंद करता का?" भर उन्हाळा. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला सोडून त्यांच्याकडेच बघायला लागल्या. हात हातात घेतले, गळा चाचपला, भुवयांची विरळ टोकं निरखली.

"अम्मा, कब से ऐसा है?"

"काय न्हाय वो. सुखाचं शरीर हाय."

"हे सुख नाही वाटत मला. रक्त तपासू."

"आणि माझे केस?" मी विचारलं.

"तुमचे येतील परत. यांचं आधी बघू दे."

रिपोर्टमध्ये त्यांचा संशय खरा ठरला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की गळ्यातली एक ग्रंथी शरीराचा वेग ठरवते. तिचा हार्मोन कमी पडला की सगळंच मंदावतं. केस गळतात, कातडी सुकते, अंग सुजतं, वजन वाढतं, थंडी सोसत नाही, झोप सरत नाही. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंजे पानी मानवलं नव्हतं?" डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. मला कळलं. उभा संसार ज्या कौतुकावर काढला, तो आजार निघाला होता! 

त्या हार्मोनची गोळी रोज सकाळी उठल्या उठल्या घ्यायची होती, उपाशीपोटी, आणि मग निदान अर्धा तास चहा नाही. आईंचा जीव चहात. मी भांडं लपवून ठेवायची. त्या कुंपणापाशी जाऊन शेजारच्या यमुनाकाकींना ओरडून सांगायच्या, "बघ गो यमुने, सून उपाशी ठेवते मना!" दोघी हसायच्या. काही महिन्यांत सूज उतरली, आवाज मोकळा झाला, डोक्यावर कोवळी लव दिसायला लागली. एका दुपारी स्वतःहून म्हणाल्या, "पंखा लाव ना, किती उकारतंय!" मी आनंदाने टाळ्याच वाजवल्या.

पण वजन उतरलं, ब्लाउज सैल झाले आणि त्या थट्टेला पाय फुटले. मी काल्हेरच्या गोदामात ड्युटीला जाणारी. मग काय, गाव बोलायला लागलं, सून मजेत बाहेर फिरते आणि सासूला उपाशी ठेवते, बघा कशी वाळली म्हातारी! फिरत फिरत ते माझ्या माहेरी पोचलं. मी संतापाने लालबुंद झाले, भांडी आपटली, यमुनाकाकींशी बोलणं टाकलं. आई विळीवर भाजी चिरत बसायच्या. मला वाटलं, त्यांना काही कळलंच नाही.

दोन-तीन महिन्यांत पुन्हा शाल निघाली. पुन्हा चेहरा सुजला. रोज माझ्या हातून गोळी घेत होत्या, तरी असं का? डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरवत होते, तोवर एका सकाळी त्यांना नीट जागच येईना. अंग गार, बोलणं अडखळत. तसंच उचलून हॉस्पिटलात नेलं. शुद्धीवर यायला फार वेळ गेला. आमच्या घरातल्या सगळ्या देवांना तेवढ्यात माझे नवस बोलून झाले.

"गोळ्या बंद केल्या होत्या?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"एकही चुकवली नाही!" मी म्हटलं.

"मी पदराला बांधून टाकून देत व्हते," आई पडल्या पडल्या म्हणाल्या. "वाळले का तुना बोलतात गो. भरले का कोन बोलत न्हाय."

मी भर वॉर्डात ओरडले, "आणि मेला असतात म्हणजे मला कोण काही बोललं नसतं का?" मग त्यांच्याच पदरात तोंड खुपसून रडले. त्या माझ्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

पुढे यमुनाकाकींच्या नातवाची हळद होती. तोवर गोळी नीट घेऊन आई पुन्हा उतरल्या होत्या. एकजण माझ्याकडे तिरकं बघत म्हणाली, "हिरे, परत वाळलीस गो!"

आई हळदीच्या हातांनी उठून उभ्या राहिल्या. "पानी मानवलं म्हनत व्हत्यास ना सगल्या? मंग केस का गेले माजे? कातरी का सुकली? मी आजारी व्हते नि तुमी कवतिक करत व्हत्यास! सुनेनं उपाशी ठेवली म्हनून जिती हाय मी."

 थोड्या वेळाने यमुनाकाकी माझ्याशेजारी येऊन बसल्या. कित्येक दिवसांनी. समोर नवऱ्या मुलाला हळद लावणाऱ्या आपल्या धाकट्या लेकीकडे बघत होत्या. लग्नानंतर ती चांगलीच भरली होती, सगळ्याजणी दृष्ट काढत होत्या.

"तिला नेशील त्या डाक्टरनीकरं?" काकी हळूच म्हणाल्या. "पन सासरी कलू देऊ नको गो. ते म्हनतात, आमचं पानी मानवलं."