आईच्या बोलण्याचं संपादन

"पोट दुखून राऽऽयलं होतं," सरांनी वाचलं. 'रायलं' हा शब्द त्यांनी मुद्दाम ओढला, नाटकात गावंढळ गडी बोलतो तसा. शेजारच्या चौकोनातल्या मॅडमनी तोंडावर हात घेतला. तिसरे सर चष्मा काढून हसले.

मीही हसले. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझा चेहरा दिसत होता. तो हसत होता.

ते माझ्या आईचे शब्द होते.

संपादनाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची ती मुलाखत होती. संस्था पुण्याकडची, मुलाखत ऑनलाइन. आमच्या घरी वरठीला नेट टिकत नाही, म्हणून मी जवाहरनगरला मावशीच्या क्वार्टरमध्ये बसले होते. मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. बाबाही आले होते. ते कारखान्यात ठेक्यावर आहेत. पाळी बदलून घेऊन, अंगावरचे कपडेही न बदलता ते आले आणि समोरच्या पलंगावर बसले. "मी दिसून तं नाही राहिलो ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मावशी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

दोघांनीही सगळं ऐकलं.

मी भंडाऱ्यात एका टायपिंगच्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, प्रबंध, कुणाकुणाच्या आठवणी. लोकांची पुस्तकं माझ्या हातून जातात, पण त्यावर हात चालवायची परवानगी मला नसते. टाइप करायचं आणि द्यायचं. मला पुस्तक घडवायचं होतं. त्यासाठी कागद, म्हणजे प्रमाणपत्र लागतं, असं दुकानाच्या मालकांनी सांगितलं होतं. म्हणून अर्ज केला.

अर्जासोबत आपण संपादित केलेला एक मजकूर जोडायचा होता. आई आजारी होती तेव्हा तिचं बोलणं मी मोबाइलवर घेऊन ठेवलं होतं. धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत आई गेली. नंतर मी ते उतरवून काढलं. काय आधी, काय मागून, कुठे थांबायचं, कुठे तिचा खोकला गाळायचा, हे ठरवत महिनोन्‌महिने बसले. तिचा शब्द मात्र बदलला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ते संपादनच होतं.

अर्जाला आईचं बोलणं जोडलंय, एवढं बाबांना आणि मावशीला ठाऊक होतं, पण तो मजकूर मी दाखवला नव्हता. आईचा आवाज घरात लावायचा धीर होत नव्हता.

"फार गमतीदार आहे हो तुमचा नमुना," सर म्हणाले. "पण हे कच्चं आहे. संपादन कुठे केलंय यात?"

मी म्हणाले, "सर, ते तसंच ठेवलं आहे. मले वाटलं..."

मले. तोंडातून गेलंच. एरवी मी प्रमाण मराठी नीट बोलते. शाळेत शिकले, दुकानात रोज लिहिते, ती भाषाही माझी आहे. पण त्या क्षणी गेलं.

"बघा," सर मॅडमना म्हणाले. "आधी स्वतःची भाषा सुधारा ताई, मग लोकांची सुधारायला या."

मॅडम समजुतीनं बोलल्या. "घरी वाचन वगैरे होतं का?"

"बाबा विहारात दर रविवारी ग्रंथ वाचून दाखवतात."

"हां, ते तुमचं धार्मिक झालं. मी वाङ्मयीन म्हणतेय." मग कागद चाळून, "अर्ज सवलतीच्या जागेवर आहे ना?"

"नाही मॅडम. खुल्या जागेवर."

"हो का?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं पुन्हा, "बरं, बरं."

मी धन्यवाद म्हटलं. स्क्रीन बंद झाली. पंखा फिरत होता.

मावशीनं विचारलं, "कोन होते वो ते? अक्काची नक्कल काहून करून राहिले होते?"

बाबा उठून बाहेर गेले आणि मोटारसायकलजवळ उभे राहिले. त्यांनी गाडी सुरू केली. मी मागे बसले होते. त्यांच्या पाठीला डोकं टेकवावंसं वाटलं, टेकवलं नाही. टेकवलं असतं तर दोघांचंही रडणं रस्त्यात झालं असतं.

आठवड्याभरानं संस्थेचा मेल आला. प्रवेश देता येईल, पण अट होती. नमुना मजकूर प्रमाण मराठीत करून पुन्हा पाठवावा.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "करून दे, बाई. शब्दच तं आहेत. त्याच्यासाठी शिकाचं कायले सोडतं?"

मी करायला बसले. कठीण नव्हतंच. रायली होती, राहिले होते. मले, मला. काहून, का. दुकानात जेवणाच्या सुट्टीत बसून सगळं साफ केलं, 'मी'च्या जागी 'ती' केलं, जास्तीचं वाटलं ते गाळलं. वाचायला छान झालं. एकाही ठिकाणी अडखळायला होत नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "वाच बरं. पूर्न वाच. त्या दिवशी त्या मानसानं दोनच ओळी वाचल्या."

मी वाचलं. धानाची रोवणी सुरू असताना तिला वेदना सुरू झाल्या. ती बांधावर बसली. तेथेच तिने मृत बालकाला जन्म दिला. काही वेळाने उर्वरित रोवणी पूर्ण करून ती घरी परतली.

बाबांनी मान वर केली. "हे कोन म्हनलं?"

"आई."

"तिनं असं म्हनलं?"

"नाही."

"मंग तिनं कसं म्हनलं, ते सांग."

मी मूळ कागद काढला आणि आईचं वाचलं.

"मी मालकाच्या बांधीत रोवना करून रायली होती. पोट दुखून रायलं होतं. म्हनलं, एवढी बांधी होऊ दे, मंग सांगू. नाहीच जमलं. धुऱ्यावर बसली. तठीच पोरगं झालं. पोरगं रडलंच नाही. मी त्याले हालवून पाहिलं. मालकीन आली. म्हने, धुऱ्यावर काहून बसली, विटाळ केला ना सारा, उठ. मी उठली. पोराले लुगड्यात गुंडाळून झाडाखाली ठेवलं. राहिलेली बांधी लावली. मंग त्याले घेऊन घरी आली."

तो माझा मोठा भाऊ होता. त्याला नाव नाही. लाखांदूरकडच्या आमच्या गावात, कुठल्या तरी बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या कडेला तो झाला. तेव्हा बाबा कामाच्या शोधात वरठीला आलेले होते.

बाबा म्हणाले, "मले तिनं सांगतलं होतं, घरीच झालं म्हनून. सुईन आली होती म्हने."

एवढंच. ते मोरीवर गेले आणि हात धूत राहिले. पाणी वाहत होतं. आतून दुसरा आवाज येऊ नये म्हणून वाहत होतं, हे मला समजत होतं. जन्मभर तिनं त्यांच्यापासून राखलं, ते मी वाचून दाखवलं होतं. आणि ज्यांना वाचायला पाठवलं होतं, ते 'रायलं' या शब्दाशीच थांबून हसले होते. पुढच्या चार ओळी त्यांनी वाचल्याच नव्हत्या. वाचल्या असत्या, तर कोणतं माणूस हसलं असतं?

कदाचित हसलंही असतं. मला आता माहीत नाही.

'मी उठली' याचं प्रमाण मराठी 'मी उठले' होतं. एका मात्रेचा फरक. पण आता ती मात्रा द्यायलाही माझा हात गेला नाही. ज्या लोकांनी तिला धुऱ्यावरून उठवलं, त्यांच्याच नात्यागोत्यातलं कुणी तरी तिला आता कागदावरूनही उठ म्हणत होतं. आईजवळ तेव्हा 'नाही' म्हणायला जागा नव्हती. माझ्याजवळ होती.

मी मेलला उत्तर लिहिलं. "मजकूर बदलणार नाही. तो पूर्ण वाचावा आणि मग निर्णय कळवावा."

निर्णय आला. अटीची पूर्तता न झाल्यानं अर्ज बाद. मजकूर वाचल्याचं त्यात कुठेही नव्हतं.

दुकानात एक मोठं पुस्तक आलं, तेव्हा मालकांनी संपादनासाठी बाहेरचा माणूस लावला. त्याच्याकडे कागद होता. मी टाइप केलं. बाबा पुढच्या दोन-तीन रविवारी विहारात गेलेच नाहीत. आता जातात, पण वाचायला दुसऱ्याला सांगतात. आईचा विषय निघाला की ते उठून बाहेर जातात. मी त्यांना ते ऐकवायला नको होतं की हवं होतं, हे मी स्वतःला रोज विचारते. घर पूर्वीसारखं राहिलं नाही, एवढं खरं.

यंदाचे अर्ज सुरू झाले आहेत. मी पुन्हा भरला. खुल्या जागेवर. तोच मजकूर जोडला. यंदा नाकारला तर पुढच्या वर्षी भरीन, त्याच्या पुढच्या वर्षीही भरीन. मुलाखतीला बोलावलं तर आधीच सांगणार आहे, नमुना मी वाचेन, तुम्ही ऐका. मले म्हणायचं तिथे मले म्हणेन. सारा वाचेन, पोरगं रडलंच नाही तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढे. कुणाला हसू आलं तर हसावं. मी थांबणार नाही.