जावक नोंदवहीतलं नाव

सभागृह गच्च भरलं होतं. मी व्यासपीठावर हारांचं ताट धरून उभा. संस्थेच्या सचिवसाहेबांनी माईक घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले,

"ह्या आपल्या मामाच्या पोरीनंबी फॉर्म भरला होता, बरं का! आधी बोलला असता तर दोघांनाबी धाडलं असतं. संसदेत चहा द्यायला कुणीतरी लागतंच की!"

सभागृह हसलं.

मीही हसलो.

तिसऱ्या रांगेत माझी मुलगी बसली होती. आईची निळी साडी नेसून.

मी हसवणारा माणूस. बिलोली तालुक्यातल्या बौद्धवाड्यातून येऊन लातूरच्या या कॉलेजात शिपाई झालो, त्याला बावीस वर्षं झाली. शिपायाला इथं सगळेच मामा म्हणतात. स्टाफरूममध्ये चहा नेला की फर्माईश यायची, "मामा, गणिताच्या सरांची नक्कल होऊन जाऊ द्या." मी चष्मा नाकावर ओढायचो, फळ्याकडं तोंड करायचो, खडू हरवल्याचं सोंग करायचो. माणसं पोट धरून हसायची. हसणारा माणूस जात विसरतो, असा माझा शोध होता. मोठा शोध! पाठ वळली की त्यांना सगळं आठवायचं. मलाच आठवायचं नाही.

माझी दुसरी ख्याती म्हणजे मामा टपाल नेतो, पण कागद वाचत नाही. जावक नोंदवही रोज माझ्या बगलेत. लिफाफा टपालात द्यायचा, पावती आणायची, नोंदीशेजारी डिंकानं चिकटवायची. डोळा कधी अक्षरावर टाकला नाही. प्राचार्य पाहुण्यांना सांगायचे, "आमचा मामा म्हणजे बंद कुलूप." माझी छाती फुगायची.

माझी मुलगी मित्रा याच कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, राज्यशास्त्र घेऊन. इंग्लंडला जायची एक संधी आली होती. सहा महिने तिथल्या विद्यापीठात शिकायचं आणि तिथल्या संसदेत एका खासदाराच्या कार्यालयात काम करायचं. पदवी अजून पूर्ण न झालेल्या मुलांसाठीच. प्रत्येक कॉलेजानं एकच नाव पाठवायचं. प्राध्यापकांनी लेखी घेतलं, तोंडी घेतलं, यादी लावली. यादी फलकावर टाचणीनं मीच लावली. पहिलं नाव मित्राचं. दुसरं सचिवसाहेबांच्या पुतण्याचं.

मग काय, आमच्या दोन खोल्यांत संसद भरली! मी सभापती. डोक्यावर तिच्या आईची शाल, हातात पोळपाटावर आपटायला लाटणं. मित्रा उभी राहून हदगावच्या सोयाबीनवर बोलायची, रेणापूरच्या एस.टी.वर बोलायची. आधी मराठीत, मग इंग्रजीत. तिची आई विरोधी पक्ष. "भाषण लई झालं, भाकरी कोन थापनार?" मी लाटणं आपटायचो, "शांतता राखा! सन्माननीय सदस्या बोलून राहिल्या!" मित्रा हसता हसता खाली बसायची आणि पुन्हा उठून पहिल्यापासून सुरू करायची.

शेवटच्या तारखेला कारकुनानं लिफाफा हातात दिला. "मामा, पळा. इंग्लंडचं हाय." मी पळालो. टपाल कार्यालयाच्या पायरीवर, कुणी बघत नाही असं पाहून, तो लिफाफा कपाळाला लावला. पावती आणली, नोंदवहीत चिकटवली. कडा वर येऊ नये म्हणून अंगठ्यानं दाबली. येताना पेढे घेतले. कारकुनालाही दिला. त्यानं माझ्याकडं न बघता खाल्ला.

पुढं निवड झाल्याचं कॉलेजात कळलं. प्राचार्य एवढंच म्हणाले, "मामा, उद्या सत्कार आहे. बॅनर सकाळी बांधून घ्या." मी घरी जाऊन नाचलो. मित्राला म्हणालो, "उद्या नीट तयार होऊन ये, बाई. टाळ्या पडनार हायत."

सकाळी स्टुलावर चढून बॅनर उलगडलं. त्यावर पुतण्याचा फोटो.

दोरी माझ्या हातात होती. खालून कुणीतरी ओरडलं, "डावीकडून वर घ्या, मामा!" मी वर घेतलं. गाठ मारली. खाली उतरून फोन लावला. पोरगी निघाली होती, फोन घरी वाजत राहिला.

पुढचं सांगितलंच. ताट, माईक, आणि माझं हसू.

घरी तिनं साडीची घडी घातली. आईच्या पेटीत ठेवली. मी म्हणालो, "बाई, मला ठाव न्हवतं गं."

"हाव. लिफाफ्यात काय व्हतं ते तुमाला ठाव न्हवतं," ती म्हणाली. "पर हसलात का, आबा?"

एवढ्या लोकांच्या नकला केल्या, तरी त्या दिवशीचं स्वतःचं तोंड मला करून दाखवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो आणि जावक नोंदवही वाचायला उघडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. कारकुनाच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'इंग्लंड संसद प्रशिक्षण, शिफारस', आणि पुढं पुतण्याचं नाव. शेजारी माझ्या डिंकानं चिकटवलेली पावती. कडा अजून वर आली नव्हती.

प्राचार्य दारात उभे होते. "मामा, तुम्ही कधी वाचत नव्हता."

"न्हवतो वाचत, साहेब. म्हनूनच तुमचं भागलं."

"नोकरीचा विचार करा. निवृत्तीला पाच वर्षं राहिलीत."

"त्याचाच करून राहिलो."

त्या पानाचा फोटो काढला, त्यांच्यासमोर. आपल्या इथल्या विद्यापीठाकडं तक्रार लिहिली. कुणी यादी लावली, कुणी लिफाफा नेला, कुणी बॅनर बांधलं. तिन्ही ठिकाणी 'मी' लिहिलं. खाली सही केली. कॉलेजाला द्यायची प्रत कारकुनाच्या टेबलावर ठेवली आणि आवक शिक्का पडेपर्यंत तिथून हललो नाही.

मित्राची पदवी या उन्हाळ्यात पूर्ण होईल. मग ती संधी तिच्यासाठी नाही. तक्रार जिंकलो तरी नाही. घरी लाटणं आता फक्त भाकरीच्या परातीशेजारी असतं. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचा हक्क आहे.

सुनावणीचं बोलावणं आलंय. सचिवसाहेब समोर बसतील, एखादी कोटी करतील, खोली हसेल. मी हसणार नाही. नोंदवहीतलं ते पान मी मोठ्यानं वाचीन, तारखेपासून सहीपर्यंत. आणि त्यांनी थांबवलं, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून.