गरम पाण्याचा बर्फ

सिंगापूरला मी बर्फावर काम करायचो, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग एखादा किस्सा विचारतात. मी जास्त बोलणारा नाही, पण एक सांगितला की त्याच्यामागून दुसरा आपोआप येतो, आणि चहा गार होतो.

माझं शिक्षण नववीपर्यंत. पुढे रत्नागिरीच्या बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात लागलो. मासळीसाठी लाद्या पाडायच्या, एवढंच काम. तिथून एका कॉन्ट्रॅक्टरने मला सिंगापूरला नेलं. सार्सची साथ ओसरली त्याच्या पुढचं वर्ष होतं ते. एका जुन्या मॉलच्या वरच्या मजल्यावर आइस स्केटिंगची रिंक होती. मालक, म्हणजे आमचे बॉस, पहिल्याच दिवशी म्हणाले, "तीन महिने बघतो. जमलं तर परमिटच्या कागदावर सही, नाही तर परतीचं विमान."

आईने तोवर गल्लीभर सांगून टाकलं होतं की पोरगा परदेशात बर्फाचा इंजिनिअर झाला!

* * *

रिंकवर चीफ मेकॅनिक होते अंकल हो. ‘हो’ हे त्यांचं चिनी आडनाव. साठीचे, बारीक, कायम हाफपँटमध्ये. बाहेर घामाच्या धारा, आत थंडी, पण अंकलची हाफपँट काही सुटायची नाही.

स्केट्सच्या पात्यांनी बर्फ खरवडला जातो. तो सपाट करायला एक गाडी असते. ती वरचा थर तासते आणि मागून पाणी सोडत जाते. अंकलनी मला सांगितलं, "टाकीत गरम पाणी भर."

बर्फावर गरम पाणी! मला वाटलं, नवीन पोराची फिरकी घेतायत. आमच्या कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मुकादमाने हाकलून दिलं असतं. मी हळूच गार पाणी भरलं.

बर्फ गढूळ आणि खडबडीत झाला. अंकलनी खाली बसून त्यावर हात फिरवला आणि विचारलं, "तू किती वर्षं बर्फ पाडतोयस?"

"सहा."

"तरी बर्फाने तुला काहीच सांगितलं नाही?"

गरम पाणी वरचा थर जरासा वितळवतं, खाचांमध्ये शिरतं आणि काचेसारखं गोठतं. सहा वर्षं मी ह्या माणसाच्या दृष्टीने नुसता थंडीत उभा होतो!

* * *

दुसरा धक्का जाडीचा. मला वाटायचं, एवढी माणसं नाचतात म्हणजे कंबरभर तरी बर्फ असेल. अंकलनी बोटांनी दाखवलं. दीड इंच! खाली सिमेंट, त्यात पाइप, पाइपांतून गोठणबिंदूच्याही खाली गेलेलं खारं पाणी.

आणि तो पांढराही नसतो. तसाच ठेवला तर खालचं सिमेंट दिसतं. म्हणून पातळ थर गोठवून त्यावर पांढरा रंग मारतात, मग वर पुन्हा पाणी.

त्या रविवारी कॉलिंग कार्डाने फोन लावून आईला हे सांगितलं. ती मग म्हणाली, "म्हणजे तिकडेही भेसळ!"

* * *

अंकलना जुन्या रिंकांचं वेड होतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, जेवताना ते शाळेतल्या सरांसारखे बोलायचे.

"छपराखालच्या पहिल्या रिंकांमध्ये बर्फ नव्हताच," ते एकदा म्हणाले. "तेव्हा गोठवायची मशीनं कुठे होती? इंग्लंडात कसले कसले क्षार आणि डुकराची चरबी कालवून जमिनीवर थापायचे. त्यावर स्केटिंग!"

माझा चमचा हातातच राहिला. "चरबीवर?"

"चरबीवर. मोठमोठ्या घरच्या बायका, लांब झगे. आणि वास असा की लोक कंटाळले. मग मशीनं आली, पाइप आले. पण सुरुवातीला त्या बर्फावर इतकं धुकं साचायचं की माणसाला माणूस दिसेना."

एवढं बोलून अंकलनी माझ्या ताटाकडे बघितलं. "तू जेवत का नाहीस?"

त्या दिवशी मी पोर्क घेतलं नव्हतं. पण भातसुद्धा गेला नाही.

* * *

धुक्याची गोष्ट मला थाप वाटली होती. पण पंधरा दिवसांनी हवा कोरडी ठेवणारं मशीन बंद पडलं आणि नेमकं मागचं मोठं दार कुणीतरी उघडं टाकलं. सिंगापूरची दमट हवा आत आली. पाच मिनिटांत रिंक गायब! नुसते आवाज. "अय्यो!", "सॉरी, सॉरी!", "हू इज धिस?"

एक कॉलेजचा मुलगा मैत्रिणीला हाताला धरून शिकवत होता. धुक्यात हात सुटला, त्याने चाचपून परत पकडला आणि प्रेमाने म्हणाला, "भिऊ नको, मी आहे ना."

धुकं उतरलं तेव्हा त्याने मुलीच्या वडिलांचा हात धरला होता. ते लपून पाळत ठेवायला आले होते!

* * *

एक दिवस मरीन परेड भागात राहणारं पाटणकर कुटुंब आलं. काका पुण्याचे, आयटीमधले. काकूंनी स्वेटर, त्यावर शाल, त्यावर माकडटोपी घातलेली. मुलगा ओम आठ वर्षांचा. मी खाली बसून काकूंना स्केट्स चढवत होतो.

"अहो, हा मुलगा काही बोलतच नाही," काकू मराठीत काकांना म्हणाल्या. "मुका आहे का हो बिचारा? आणि केस बघा, टोपलीच जणू."

काकांचं लक्ष नव्हतं. ते ओमला समजावत होते, "ह्यात भ्यायचं काय? शुद्ध फिजिक्स आहे. घर्षण कमी, गुरुत्वमध्य खाली..." असं म्हणत ते बर्फावर उतरले आणि पाठीवर आडवे झाले.

"पप्पा, कॅनॉट लाइक दॅट लाह!" ओम अस्सल सिंगापुरी इंग्रजीत ओरडला.

"पडलो नाही," काका पडल्या पडल्या म्हणाले. "घर्षण तपासत होतो."

मी लेसची गाठ मारली आणि म्हणालो, "काकू, घट्ट होत असेल तर सांगा."

काकूंनी किंचाळून शाल तोंडावर ओढली. पुढच्या खेपेला माझ्यासाठी चकलीचा डबा आला. आत चिठ्ठी होती, "केस चांगले आहेत."

* * *

आता दसऱ्याचा किस्सा. माझे तीन महिने दुसऱ्या दिवशी भरत होते.

दसऱ्याला मशीन पूजल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, ही आमच्या कारखान्याची सवय. लिटल इंडियातून झेंडू आणि कुंकू आणलं आणि सकाळी सगळी मशीनं पूजली. दुपारी गाडीच्या टाकीचं झाकण उघडून गरम पाणी भरत होतो, आणि झाकणावर राहिलेली कुंकवाची उघडी पुडी सरळ आत!

मी बोटांनी काढायला गेलो. कागद हाती आला, कुंकू नाही. अंकलना सांगायला तोंड उघडलं आणि लाजून मिटलं. एवढ्या पाण्यात चिमूटभर कुंकू काय दिसणार?

अंकल गाडी घेऊन निघाले. त्यांची नजर समोर. मागे बर्फावर लालभडक पट्टा उमटत चाललेला! कठड्यापाशी शाळेची पोरं उभी होती. एक आई ओरडली, "ब्लड! कुणावर तरी गाडी घातली!"

पळापळ झाली. अ‍ॅम्ब्युलन्स आली. "जखमी कोण?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, चूक कुणाची ते विचारतायत, म्हणून मी हात वर केला. हाताची बोटं लालच होती! त्यांनी मला स्ट्रेचरवर बसवून हाताला बँडेज गुंडाळलं. नको म्हणायला मला संकोच वाटला.

दुसऱ्या दिवशी बॉसच्या टेबलावर माझा परमिटचा कागद होता. अंकल पुढे झाले. "बॉस, गाडी मी चालवत होतो. चूक माझी."

तीन महिन्यांत पहिल्यांदा मी बॉससमोर कुणी न विचारता बोललो. "नाही सर. माझी." मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. ज्याच्या जिवावर जेवतो, त्या मशीनला वर्षातून एकदा नमस्कार करायचा असतो, तेही सांगितलं.

बॉस बँडेजकडे बघत राहिले. "किती मशीनं केलीस?"

"सगळी. कॉम्प्रेसर, पंप, धार लावायचं यंत्र..."

"तिकीट काउंटरचं?"

"ते पण."

बॉसनी कागद ओढला. अंकलनी माझा चांगला हात घट्ट धरला. बॉसनी सही केली, मग खिशातून स्वतःच्या मोटारीची चावी काढून माझ्यापुढे सरकवली.

मी घाबरलो. "सर, मला लायसन नाही."

"चालवायला कोण सांगतंय?" बॉस म्हणाले. "बॉनेटवर कुंकू थोडंसंच लाव. आणि पाणी कुठे भरतात, ते उघडून बघू नकोस लाह!"