घागरीतले दगड

मी लोहाऱ्याच्या वाचनालयात कामाला आहे. एका माजी मंत्र्यांनी लिहिलेल्या राजकीय कादंबऱ्या आमच्याकडं कपाटात टिकत नाहीत. साहेब दुसऱ्या जिल्ह्यातले. मंत्रिपद गेल्यावर लिहायला लागले. खून, गायब होणाऱ्या फाइली, रातोरात फुटणारे आमदार. आत वावरलेला माणूस आतलं सांगतोय म्हणून लोक चवीनं वाचतात. मीही वाचायचे.

त्यांची नवी कादंबरी आली, ती मी दुपारी टेबलाशी बसूनच वाचायला घेतली. मधल्या एका प्रकरणात धरणाच्या पाण्यासाठी रास्ता रोको होतो. एक लंगडा शेतकरी घागर घेऊन गर्दीत फिरत असतो. लोकांना वाटतं, पाणी वाटतोय. घागरीत दगड असतात. विरोधकांनी पाठवलेला तो माणूस पहिला दगड मारतो, लाठीमार होतो आणि त्यात तोच मरतो.

माझे काका माकणीकडच्या रस्त्यावर धरणाच्या पाण्यासाठीच्याच रास्ता रोकोत असेच गेले. पोलिओनं त्यांचा एक पाय बारीक झालेला. उन्हात बसलेल्या माणसांना पाणी द्यायला म्हणून ते घागर घेऊन गेले होते. लाठ्या सुरू झाल्यावर बाकीचे उसात पळाले. काकांना पळता आलं नाही.

मी पुस्तक घरी कुणाला दाखवलं नाही. पण गावात वाचणारे काय कमी आहेत? हॉटेलात चहा पिताना एकानं माझ्या चुलतभावाला हटकलं, "तुझा बाप पाठवलेला होता म्हणं." भाऊ तसाच उठून माझ्याकडं आला. पुस्तक घेऊन मी त्याच्याबरोबर घरी गेले, तर काकू म्हणाल्या, "काय लिवलंय ते वाचून दाव मला."

मी वाचलं. काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "घागरीचं तर म्याच सांगितलं होतं त्यांला."

काका गेले तेव्हा साहेब आमच्या जिल्ह्याचे पालकमंत्री होते, घरी भेटायला आले होते, ते मला आठवलं. "डोळे पुसत होते गं ते," काकू म्हणाल्या. "म्या म्हणलं, साहेब, पानी पाजाया गेला हो माझा माणूस. घागर बी चेपली."

पुढं साहेब धाराशिवला पुस्तकांवर सह्या द्यायला येणार असल्याचं कळलं. काकू मला घेऊन गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या, आणि टेबलापाशी पोचल्यावर कुणाची बायको ते सांगितलं. साहेबांनी त्यांना खुर्ची द्यायला लावली, पाणी मागवलं.

"ताई, ती कादंबरी आहे," ते म्हणाले. "काल्पनिक. गोष्टीत असं जुळवून घ्यावं लागतं."

"घ्या की जुळवून. पण पाय आमचाच कशाला घेतला?"

 साहेब हात जोडून म्हणाले, "मी आता आत्मचरित्र लिहितोय. त्यात सगळं खरं येईल. शब्द देतो." निघताना त्यांनी त्याच कादंबरीची एक प्रत सही करून काकूंना दिली. परतीच्या एसटीत ती काकूंच्या मांडीवर होती.

आत्मचरित्र आलं. काकूंनी त्याची वाट पाहिली होती. मी पहिली प्रत घेऊन त्यांच्याकडं गेले. त्या दिवसावर दोन पानं होती. मुंबईहून आलेले फोन, साहेबांवर ओढवलेली नामुष्की, रात्री जेवण न गेलेलं. काकांबद्दल एकच वाक्य होतं, एका आंदोलकाला दुर्दैवानं प्राण गमवावे लागले. पुढं त्याच्या विधवेचा आक्रोश आणि साहेबांचे भरून आलेले डोळे.

"नाव हाय का?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"घागर?"

"नाही."

"त्यात दगड नव्हते, असं?"

"तेही नाही."

"मग लोकांजवळ तीच घागर ऱ्हाती की," त्या म्हणाल्या, आणि उठून शेळीला पाला टाकायला गेल्या.

यंदा दिवाळीला चुलतभावाची लेक आली. लातूरला कॉलेजात आहे. तिच्या मैत्रिणींनी ती कादंबरी वाचली होती. तिनं जेवताना सरळच विचारलं, "आजी, आजोबांना खरंच कुणी पाठवलं होतं का?"

भाऊ तिच्यावर ओरडणार होता. काकूंनी त्याला हातानं थांबवलं. मग ताट तसंच ठेवून त्यांनी तिला सगळं सांगितलं. त्या दिवशी सकाळी काकांनी भाकरी खाल्ली नाही, आल्यावर खातो म्हणाले. घागर काकूंनीच राखेनं घासून दिली, आडावरून भरून आणून दिली. "म्या भरली व्हती गं पोरी ती," असं त्या दोनदा म्हणाल्या. पोरगी मान हलवत ऐकत होती. ती चांगली आहे, आजीवर तिचा जीव आहे.

दुसऱ्या दिवशी भाऊ तिला स्टँडवर सोडायला गेला. संध्याकाळी त्यानं मला फोन केला. बस लागेपर्यंत पोरीनं त्याला विचारलं होतं, "बाबा, आजी तसं सांगणारच ना. तुम्हाला तरी नक्की माहितीये का?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.



"ताई, मी चौथीत होतो गं तवा," तो म्हणाला.

काकूंना हे कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं.