मालधक्क्यावरचा नवाब

निजामाच्या मुलुखात रुपयाचे वैरी पुष्कळ होते. पण पूर्णा जंक्शनवर माझ्याच खोलीत राहणाऱ्या आमच्या मालबाबूंइतका दिलदार वैरी मी दुसरा पाहिला नाही. पगार घेऊन ते मालधक्क्यावरून निघाले की वाटेत भेटेल त्याला चहा. फायरमन, भिस्ती, चुकून उतरलेला परका उतारूसुद्धा सुटायचा नाही. "पैसा खिशात राहिला की मला सर्दी होते," म्हणायचे. ही प्रकृती महिनाभर ठणठणीत राहावी कशी? मग महिनाअखेर बाबू एकदम धर्मनिष्ठ व्हायचे. सोमवार शंकराचा, शनिवार मारुतीचा, आणि मधल्या वारांचे देव ते स्वतः नेमायचे. मी भाकरी पुढे केली की मात्र देवाची परवानगी लगेच मिळायची.

त्यातच बाबू प्रेमात पडले. हिंगोलीच्या मुलींच्या शाळेतल्या एक मास्तरीणबाई दर शनिवारी परभणीला घरी जायच्या आणि पूर्ण्याला गाडी बदलायच्या. माझी शेरवानी चढवून बाबू फलाटावर हजर. चहा, पेढे, पेरू, मोगऱ्याचा गजरा. परभणीची गाडी उशिरा आली की बाकीचे उतारू स्टेशनमास्तरांना शिव्या द्यायचे, आणि आमचे बाबू त्याच मास्तरांना पान खाऊ घालायचे. एका बाजूला आम्ही दोस्त, दुसऱ्या बाजूला बाई आणि मध्ये तेवढाच तो पगार.

एका महिनाअखेरीच्या शनिवारी बाईंसोबत त्यांचे मामा उतरले. मुलगा पाहायलाच आले होते. बाबूंनी नवाबी थाटात त्यांना स्टेशनबाहेरच्या हॉटेलात नेलं, मलाही ओढलं. मामा शेतकरी गडी. भजी झाली, जिलबी झाली, पुन्हा भजी झाली. प्रत्येक बशीगणिक माझ्या शेरवानीला बाबूंचा घाम फुटत होता. शेवटी ते हात जोडून उभे राहिले.

"मामा, खोटं कशाला बोलू? माझ्याजवळ दमडी नाही."

"आं? मग पगार कुठं जायलाय?"

"थोडा या दोस्तांवर. बाकीचा…" म्हणून त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पदर सावरला.

मामांनी कनवटीचे पैसे काढून बिल दिलं आणि बाईंना घेऊन ते निघून गेले.

पुढचे शनिवार बाई आल्याच नाहीत. बाबू खरोखरच जेवेनात. मी भाकरी पुढे केली तरी. मग एके दिवशी त्या हिंगोलीच्या गाडीतून उतरल्या आणि सरळ मालधक्क्यावर आल्या. हातात धपाट्यांचा डबा.

"मामा म्हणले, पोरगा उधळ्या हाय, पण लबाड न्हाई. पगार तुझ्या हातात देत असंल तर हो म्हण."

"देतो. पण दोस्तांचा चहा?"

"घरी करीन. साखर बघून."

लग्न झालं. चहाला साखर कमीच असायची; तरी आम्ही दर आठवड्याला जायचो आणि बाई कपाळाला आठ्या घालून दुसरा कप ओतायच्या.

पुढं बाबूंची बदली औरंगाबादकडे झाली. गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून ओरडले, "चहा घेऊन जा रे सगळे!" त्या दिवशी आमचे पगार झाले होते, खिसे भरलेले होते. आम्ही हॉटेलापर्यंत गेलो, दारात चहा कोणी सांगायचा म्हणून एकमेकांकडे पाहिलं आणि आपापल्या खोल्यांवर परतलो.